सिंधुदुर्ग जिल्ह्यातील स्तनपान साहाय्य

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील स्तनपान साहाय्य म्हणजे महाराष्ट्राच्या दक्षिण कोकणातील सिंधुदुर्ग जिल्ह्यात गरोदर व स्तनदा मातांना स्तनपानाविषयी उपलब्ध असलेली माहिती, समुपदेशन, प्रत्यक्ष मदत आणि कायदेशीर संरक्षण यांची एकत्रित व्यवस्था होय. आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका, आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये आणि ओरोस येथील जिल्हा रुग्णालय हे या व्यवस्थेचे मुख्य घटक आहेत. त्यांच्या जोडीला घरातील ज्येष्ठ स्त्रियांचे पारंपरिक ज्ञानही कार्यरत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान सुरू करावे, पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहारासह दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे. या शिफारशी प्रत्यक्षात उतरण्यासाठी आईला योग्य वेळी योग्य मदत मिळणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन करून निर्माण करण्यात आला. देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी व दोडामार्ग असे त्याचे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ असून दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. पुरुषांनी नोकरीसाठी मुंबईस जाण्याची जुनी परंपरा हे या प्रमाणामागील एक प्रमुख कारण मानले जाते. मुंबईत राहणाऱ्या या कोकणवासीयांना 'चाकरमानी' म्हणतात.

किनारपट्टी, खाड्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे डोंगर यांमुळे येथील गावे सलग वस्तीची नसून विखुरलेल्या वाड्यांची आहेत. एकाच गावातील दोन वाड्यांमध्ये पाऊण तासाची पायवाट किंवा पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारा व्हाळ असू शकतो. त्यामुळे प्रसूतीनंतर घरी परतलेल्या मातेस रुग्णालयात पुन्हा पुन्हा जाणे सोपे नसते. तिच्या दारापर्यंत येणारी आरोग्य कर्मचारी हाच अनेकदा तिचा पहिला आधार ठरतो.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा जिल्ह्यात रूढ आहे. मुंबई, ठाणे किंवा पुणे येथे राहणाऱ्या अनेक स्त्रिया प्रसूतीसाठी गावी येतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी परत जातात. अशा वेळी गरोदरपणातील नोंदणी एका ठिकाणी, प्रसूती दुसऱ्या ठिकाणी आणि पुढील लसीकरण तिसऱ्या ठिकाणी होते. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत असल्यास बाळाच्या वजनाची व लसीकरणाची नोंद एकसंध राहते. ते नसल्यास गृहभेटींची साखळी तुटण्याचा संभव असतो.

राष्ट्रीय व राज्य पातळीवरील वाटचाल

भारतातील संघटित स्तनपान चळवळीत महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मातृदुग्धपेढी मानली जाते. ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्धा येथे ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया (बीपीएनआय) या संस्थेची स्थापना झाली. स्तनपानाचा प्रसार, आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि दूधपर्यायांच्या विपणनावर लक्ष ठेवणे ही तिची प्रमुख कार्ये आहेत.

जागतिक स्तरावर १ ऑगस्ट १९९० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे इनोसेंटी जाहीरनामा स्वीकारण्यात आला. त्याच्या स्मरणार्थ १९९२ पासून दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह पाळला जातो. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी 'बालस्नेही रुग्णालय' उपक्रम सुरू केला. त्यातील यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्यांची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

घरपोच नवजात शिशु सेवेची कल्पनाही महाराष्ट्रातच सिद्ध झाली. गडचिरोली जिल्ह्यातील 'सर्च' या संस्थेचे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा स्वयंसेविकांमार्फत हा कार्यक्रम देशभर स्वीकारला. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 'माँ' हा स्तनपान प्रोत्साहन कार्यक्रम सुरू केला, तर २०१७ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांतील दुग्धपान व्यवस्थापन केंद्रांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रात सहा महिन्यांखालील ७१.० टक्के बालके केवळ स्तनपानावर असल्याचे आढळले. चौथ्या फेरीत (२०१५–१६) हे प्रमाण ५६.६ टक्के होते. मात्र जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण याच काळात ५७.५ टक्क्यांवरून ५३.२ टक्क्यांवर आले. राज्यातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये होत असल्याने, पहिल्या तासातील ही उणीव मातेच्या इच्छेपेक्षा प्रसूतिगृहातील कार्यपद्धतीशी अधिक निगडित असल्याचे दिसते.

साहाय्याची रचना

गावपातळी

रुग्णालयात प्रसूती झाल्यास आशा स्वयंसेविका ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा गृहभेटी देते. प्रसूती घरी झाल्यास पहिल्या दिवसाची आणखी एक भेट असते. या भेटींत बाळाचे वजन व तापमान पाहणे, स्तनपानाचे निरीक्षण करणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे अपेक्षित असते. त्यानंतर ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यांत भेटी देण्याची तरतूद २०१८ मधील विस्तारित कार्यक्रमात आहे. माहेरी आलेल्या मातेने त्या गावातील आशा स्वयंसेविकेस आपल्या आगमनाची माहिती दिल्यास या भेटी तिला तेथेच मिळू शकतात.

'माँ' कार्यक्रमांतर्गत आशा स्वयंसेविकेने दर तिमाहीस गरोदर व स्तनदा मातांची बैठक घेणे अपेक्षित आहे. अंगणवाडी सेविका पूरक पोषण आहार, वजनाची नोंद व आहारविषयक समुपदेशन यांची जबाबदारी सांभाळते. आरोग्य उपकेंद्रातील आरोग्यसेविका या दोघींना तांत्रिक मार्गदर्शन करते.

आरोग्य केंद्रे व रुग्णालये

मालवण तालुक्यात आचरा, मसुरे यांसारख्या गावांत प्राथमिक आरोग्य केंद्रे असून मालवण शहरात ग्रामीण रुग्णालय आहे. कणकवली व सावंतवाडी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालय ओरोस येथे असून मालवणहून ते रस्त्याने सुमारे ३० किमी अंतरावर आहे. सावंतवाडी व दोडामार्ग भागातील गुंतागुंतीचे रुग्ण अनेकदा गोव्यातील बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेले जातात.

२०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन स्तर सांगितले आहेत. सर्वसमावेशक दुग्धपान व्यवस्थापन केंद्रात दात्या मातांचे दूध संकलित करून, तपासून, पाश्चरीकरणानंतर गरजू बालकांस दिले जाते. दुसऱ्या स्तरावरील केंद्रात आईचेच दूध काढून तिच्याच बाळासाठी साठवले जाते. तिसऱ्या स्तरावर, म्हणजे प्रसूती होणाऱ्या सर्व ठिकाणी, समुपदेशन व स्तनपानास प्रत्यक्ष मदत अपेक्षित आहे. ग्रामीण रुग्णालयातील मातेसाठी हा तिसरा स्तर सर्वांत निकटचा होय.

दूरध्वनी व दृक्‌श्राव्य साधने

राज्यात १०४ हा आरोग्यविषयक सल्ल्याचा, १०२ हा माता व बालकांच्या वाहतुकीचा आणि १०८ हा आपत्कालीन रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. आयआयटी मुंबई येथील 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने बाळाला धरण्याच्या पद्धती, स्तनाची पकड, हाताने दूध काढणे इत्यादी विषयांवर ध्वनिचित्रफिती तयार केल्या असून त्या मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध आहेत. 'ब्रेस्टफीडिंग सपोर्ट फॉर इंडियन मदर्स' हा २०१३ मध्ये सुरू झालेला समाजमाध्यमावरील मातांचा परस्पर-साहाय्य गटही परिचित आहे.

हिरकणी कक्ष

महाराष्ट्रातील एसटी बसस्थानके व शासकीय कार्यालये यांमध्ये स्तनपानासाठी राखून ठेवलेल्या खोलीस 'हिरकणी कक्ष' म्हणतात. तान्ह्या बाळाला पाजण्याच्या ओढीने रायगडाचा अवघड कडा रात्री उतरून गेलेल्या हिरकणी या गवळणीच्या आख्यायिकेवरून हे नाव देण्यात आले आहे. मुंबई–सिंधुदुर्ग असा लांबचा प्रवास तान्ह्या मुलासह करणाऱ्या स्त्रियांसाठी अशा कक्षाचे महत्त्व विशेष आहे. कक्ष बंद असणे किंवा त्याचा अन्य कामासाठी वापर होणे या तक्रारी राज्यात वेळोवेळी झाल्या आहेत.

मातांच्या सर्वसाधारण शंका

चीक व पहिले दिवस

प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस येणाऱ्या घट्ट, पिवळसर दुधास चीक म्हणतात. त्याचे प्रमाण थोडे असले तरी नवजात बाळाच्या जठराची क्षमताही अल्प असते. चिकात रोगप्रतिकारक घटक विपुल असतात. 'दूध अजून उतरले नाही' या समजातून या काळात साखरपाणी, मध किंवा डब्याचे दूध दिले गेल्यास बाळ कमी चोखते आणि परिणामी दूधनिर्मितीही मंदावते. प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे दूध तयार होते, तर ऑक्सिटोसिनमुळे ते बाहेर येते. या दुसऱ्या क्रियेस मराठीत 'पान्हा फुटणे' असा अर्थवाही शब्दप्रयोग आहे. वेदना, चिंता व थकवा यांमुळे पान्हा तात्पुरता अडू शकतो, म्हणूनच मातेला धीर देणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

पकड

स्तनाग्रांना चिरा पडणे, दूध साठून स्तन दगडासारखे होणे व बाळाचे पोट न भरणे या तिन्ही तक्रारींमागे बाळाची अयोग्य पकड हे सामान्य कारण असते. योग्य पकडीत बाळाचे तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला व हनुवटी स्तनाला टेकलेली असते. केवळ स्तनाग्र नव्हे, तर त्याभोवतालचा काळसर भागही बाळाच्या तोंडात असतो. बाळाचे डोके व धड एका रेषेत आणि पोट आईच्या अंगाकडे वळलेले असावे. पकड सुधारल्यावर पाजताना होणारी वेदना सहसा कमी होते. शस्त्रक्रियेद्वारे प्रसूती झालेल्या मातेस कुशीवर झोपून किंवा बाळाला काखेखाली धरून पाजणे सुसह्य ठरते.

दूध पुरते की नाही

'दूध पुरत नाही' हे वरचे दूध सुरू करण्यामागचे सर्वांत प्रचलित कारण आहे. बाळाचे रडणे किंवा स्तन मऊ वाटणे हे दूध अपुरे असल्याचे विश्वसनीय लक्षण नाही. नवजात बाळ चोवीस तासांत साधारणतः ८ ते १२ वेळा दूध पिते. पाचव्या दिवसानंतर दिवसातून सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी होणे आणि वजन वाढणे ही दूध पुरेसे असल्याची खूण होय. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाचे वजन काहीसे घटते व सुमारे दोन आठवड्यांत ते जन्मवजनाइतके होते. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणी असल्याने वैशाखातील किंवा ऑक्टोबरमधील उकाड्यातही सहा महिन्यांखालील बाळाला वेगळे पाणी द्यावे लागत नाही.

काढून ठेवलेले दूध

मासळी बाजार, काजू प्रक्रिया केंद्रे, भातशेती व पर्यटन व्यवसायात काम करणाऱ्या स्त्रियांना काही तास बाळापासून दूर राहावे लागते. अशा वेळी स्वच्छ हातांनी, उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात दूध काढून ठेवता येते. किनाऱ्यावरील उष्ण व दमट हवेत ते चार तासांच्या आत वापरणे आणि शीतकपाटात ठेवल्यास चोवीस तासांत संपवणे हा सुरक्षित प्रघात आहे. दूध थेट चुलीवर उकळत नाहीत. भांडे कोमट पाण्यात ठेवून ते कोमट करतात आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजतात.

वैद्यकीय मदतीची आवश्यकता

बाळ दूध ओढेनासे होणे, सुस्त पडणे, ताप येणे किंवा अंग गार पडणे, लघवीचे प्रमाण घटणे, तळहात-तळपायांपर्यंत कावीळ दिसणे किंवा दोन आठवड्यांनंतरही जन्मवजन भरून न येणे ही तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत. मातेस थंडी-ताप येऊन स्तनाचा भाग लाल व वेदनायुक्त झाल्यास तो स्तनदाह असू शकतो. त्यावर उपचार चालू असताना सामान्यतः स्तनपान थांबवले जात नाही. प्रसूतीनंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निद्रानाश किंवा बाळाविषयी अलिप्तता राहिल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो. काही मातांना शारीरिक कारणांमुळे प्रयत्नांनंतरही पुरेसे दूध येत नाही. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूरक दूध देणे बाळाच्या हिताचे असते आणि त्यात मातेचा दोष नसतो.

पारंपरिक आहार व समजुती

कोकणात बाळंतिणीस अहळिवाचे खोबरे व गूळ घातलेले लाडू, डिंकाचे लाडू, मेथी, शेपू, उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाचे पदार्थ देण्याची चाल आहे. अहळीव लोहयुक्त असून पेज व पातळ पदार्थांतून द्रवांश मिळतो. या पदार्थांनी दूध वाढते याबाबतचा शास्त्रीय पुरावा मर्यादित असला तरी पोषण व आप्तांची देखभाल या दृष्टीने त्यांचे मोल आहे. आयुर्वेदातील चरकसंहिता व काश्यपसंहिता या ग्रंथांत स्तन्याचे गुणदोष आणि धात्री, म्हणजे दूध पाजणारी दाई, यांचे सविस्तर विवेचन आढळते.

मालवण किनाऱ्यावर मोरी किंवा मुशी, म्हणजे लहान शार्क, बाळंतिणीला दूध यावे म्हणून खाऊ घालतात. शार्क हा अन्नसाखळीत वरच्या स्तरावरील मासा असल्याने त्याच्या मांसात पारा साठण्याची शक्यता अधिक असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर व स्तनदा स्त्रियांना शार्क टाळण्याचा सल्ला दिला आहे. तारली, बांगडा यांसारख्या लहान माशांत पाऱ्याचे प्रमाण सामान्यतः कमी असून त्यांतून प्रथिने व ओमेगा-३ मेदाम्ले मिळतात. त्यामुळे बाळंतिणीला मासळी देण्याची परंपरा न सोडताही माशाची निवड बदलता येते.

जन्मतः मध चाटवणे आणि बाळगुटी देणे या प्रथाही प्रचलित आहेत. मधातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका संभवत असल्याने एक वर्षापूर्वी मध देऊ नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. सहा महिन्यांपूर्वी गुटी दिल्यास 'केवळ स्तनपान' खंडित होते आणि सहाणेवाटे किंवा पाण्यावाटे संसर्ग होऊ शकतो. घरात या विषयांवरील अंतिम शब्द बहुधा आजी किंवा सासूचा असतो. म्हणून समुपदेशनात त्यांनाही सामील करून घेणे परिणामकारक ठरते.

आरोग्य व्यावसायिकांसाठी

वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व आरोग्यसेविका यांच्यासाठी 'माँ' कार्यक्रमात अर्भक व बालक पोषणाचे प्रशिक्षण आहे. बीपीएनआय या विषयावर स्वतंत्र समुपदेशन अभ्यासक्रम चालवते. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९८५ मध्ये स्थापन झालेल्या परीक्षा मंडळामार्फत 'आयबीसीएलसी' हे स्तनपान सल्लागाराचे प्रमाणपत्र दिले जाते. असे सल्लागार भारतात प्रामुख्याने मोठ्या शहरांत कार्यरत आहेत.

स्तनदा मातेस औषध देताना अनावश्यकपणे स्तनपान थांबवण्याचा सल्ला दिला जाण्याची शक्यता असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची 'लॅक्टमेड' ही विनामूल्य माहितीसूची अशा प्रसंगी उपयुक्त आहे. तीत प्रत्येक औषध दुधात किती उतरते आणि सुरक्षित पर्याय कोणता, हे दिलेले असते. कमी वजनाच्या व अकाली जन्मलेल्या बालकांसाठी कांगारू मातृसेवा, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, ही पद्धत शिफारस केलेली आहे. तीस महागड्या उपकरणांची गरज नसल्याने ती ग्रामीण रुग्णालयातही शक्य असते. एचआयव्हीबाधित मातेच्या बाबतीत औषधोपचार व पोषणपद्धती यांचा निर्णय राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार घेतला जातो.

कायदेशीर तरतुदी

जागतिक आरोग्य सभेने १९८१ मध्ये दूधपर्यायांच्या विपणनाविषयी आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. तिच्या आधारे भारताने १९९२ मध्ये अर्भक दूधपर्याय, दूधबाटल्या व अर्भक आहार यांचे नियमन करणारा कायदा केला आणि २००३ मध्ये त्यात दुरुस्ती केली. या कायद्यान्वये दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या अशा उत्पादनांची जाहिरात, मातांना मोफत नमुने वाटणे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी वा लाभ देणे यांवर बंदी आहे. तक्रार दाखल करण्यासाठी शासनाने अधिकृत केलेल्या संस्थांमध्ये बीपीएनआय व मुंबईतील 'अ‍ॅकॅश' यांचा समावेश होतो.

मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ मधील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर बंधनकारक केले. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन स्तनपान-विराम देण्याची तरतूदही आहे. या तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आल्या. स्वतःच्या टोपलीवर मासळी विकणारी स्त्री, शेतमजूर किंवा घरी बसून काजू सोलणारी कामगार यांच्यापर्यंत मात्र हे लाभ पोहोचत नाहीत. अशा स्त्रियांना प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून अटींच्या अधीन राहून आर्थिक साहाय्य मिळू शकते, परंतु ते २६ आठवड्यांच्या पगारी रजेची जागा घेऊ शकत नाही.

महत्त्व व आव्हाने

'द लॅन्सेट'च्या २०१६ मधील स्तनपानविषयक लेखमालेनुसार, स्तनपान जवळपास सार्वत्रिक झाल्यास जगभरात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ८,२३,००० बालमृत्यू टाळता येतील. मातेच्या दृष्टीनेही स्तनपानामुळे स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाची जोखीम घटते.

सिंधुदुर्गातील मुख्य आव्हान माहितीच्या अभावापेक्षा ती वेळेवर पोहोचण्याचे आहे. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा पहिला आठवडा सर्वाधिक नाजूक असतो. याच काळात दूध भरून येते, पकडीच्या अडचणी उद्भवतात आणि वरच्या दुधाचा आग्रह सुरू होतो. तिसऱ्या व सातव्या दिवसाची गृहभेट याच काळात येते. मुसळधार पावसात वाडीवर पोहोचणे, माहेर-सासर-मुंबई अशा स्थलांतरात नोंदी टिकवणे आणि रोजंदारीवर लवकर परतणाऱ्या स्त्रियांसाठी कामाच्या ठिकाणी सोय करणे या तीन बाबींवर या व्यवस्थेची परिणामकारकता अवलंबून आहे.

हे सुद्धा पहा

स्तनपान
जागतिक स्तनपान सप्ताह
मातृदुग्धपेढी
आशा स्वयंसेविका
हिरकणी
सिंधुदुर्ग जिल्हा